विज्ञान, तंत्रज्ञान आणि धोरणचर्चा : सोलापूर जिल्हा

शासन एखादे धोरण ठरवते तेव्हा त्यामागे मोजमापे, तज्ज्ञांचे अहवाल, नकाशे आणि तांत्रिक निकष असतात. त्यांवर वाद होतात, आंदोलने होतात, प्रकरणे न्यायालयात जातात आणि कधी कधी धोरणच बदलते. अवर्षणप्रवण जमीन, तिच्यावर उभा असलेला ऊस, उजनीसारखे मोठे धरण आणि दाट वस्तीचे जुने गिरणगाव हे सगळे एकाच जिल्ह्यात असल्यामुळे सोलापुरात हा व्यवहार फार जवळून पाहता येतो. विज्ञान ‘किती’ आणि ‘कसे’ याचे उत्तर देते. ‘कोणाला’ आणि ‘आधी कोणाला’ हे ठरवणे लोकांचे आणि त्यांच्या प्रतिनिधींचे काम आहे. सोलापुरातील बहुतेक वाद या दुसऱ्या प्रश्नाचे असतात, पण लढले जातात पहिल्या प्रश्नाच्या भाषेत.

कोरडवाहू संशोधन. या परंपरेची सुरुवात दुष्काळातून झाली. १९३३ मध्ये सोलापूर येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. आज ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. पावसाचे पाणी शेतातच मुरवावे, बियाणे कमी वापरावे, ओळींत अंतर जास्त ठेवावे, कोळपण्या वाढवाव्यात अशा शिफारशी त्या काळी ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणून पुढे आल्या. त्याच दशकात मोहोळ येथे स्थानिक वाणांतून निवडलेली मालदांडी ३५-१ ही रब्बी ज्वारी अजूनही पेरली जाते. संशोधन कायद्यापर्यंत कसे पोहोचते याचेही उदाहरण इथे मिळते. मुंबई प्रांतात १९४२ मध्ये जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि बांधबंदिस्ती हा सरकारी कार्यक्रम बनला. मात्र जी समपातळी बांधबंदिस्ती हलक्या आणि मध्यम जमिनीत उपयोगी पडली, तीच भारी काळ्या जमिनीत अडचणीची ठरली. बांधाच्या वरच्या बाजूला पाणी तुंबे, पीक पिवळे पडे आणि जोराच्या पावसात बांध फुटत. भारी जमिनीसाठी वेगळे उपाय हवेत हे पुढच्या संशोधनातून स्पष्ट झाले, पण तोवर बांध घातले गेले होते. एका जमिनीवर सिद्ध झालेली गोष्ट सरसकट लागू करण्याचा हा दोष आजच्या योजनांतही आढळतो, म्हणून हा इतिहास धोरण आखणाऱ्यांनी वाचायला हवा.

उजनी आणि टक्केवारी. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यात साधारण ६३.५ टीएमसी मृतसाठा, म्हणजे एरवी कालव्यांत न सोडले जाणारे तळाचे पाणी, आणि ५३.५ टीएमसी उपयुक्त साठा. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. वर्तमानपत्रात रोज छापून येणारी टक्केवारी केवळ उपयुक्त साठ्यावर काढलेली असते. त्यामुळे ‘उजनी शून्यावर’ अशी बातमी येते तेव्हाही धरणात साठ टीएमसीहून अधिक पाणी असते, आणि ‘वजा ५० टक्के’ म्हणजे सुमारे ३७ टीएमसी शिल्लक.

हे गणित जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला पाठ आहे, कारण त्यावर त्याचे आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, ठरते. पातळी शून्याखाली गेली की कालव्यात पाणी सोडणे थांबते. तेव्हा कालव्याच्या शेवटी असलेल्या भागाच्या चाऱ्या कोरड्या पडतात. धरणाच्या जलाशयात मोटारी टाकून बसलेल्यांचा उपसा मात्र पाणी जसे मागे सरकते तसे पाइप वाढवत चालू राहू शकतो. शहरासाठी महापालिकेला दुबार, तिबार पंपिंग करून पाणी उचलावे लागते. म्हणजे एकाच पातळीचा आकडा तीन ठिकाणी तीन अर्थांनी वाचला जातो. पाण्याची वाटणी त्या आकड्यातच दडलेली असते, आणि ती उघड करून सांगितल्याशिवाय टंचाईच्या बैठकांत खरी चर्चा होत नाही असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सोलापूर शहराला पाणी तीन ठिकाणांहून मिळते : उजनीतून थेट जलवाहिनीने, भीमेवरील औज व चिंचपूर बंधाऱ्यांतून टाकळी मार्गे, आणि एकरुख म्हणजे हिप्परगा तलावातून. औज बंधारा भरण्यासाठी उजनीतून नदीत पाणी सोडावे लागते. शहर प्रत्यक्ष उचलते त्याच्या कितीतरी पट पाणी त्यासाठी धरणातून निघते. काही जिरते, काही उडून जाते, काही वाटेत उपसले जाते. यावर तांत्रिक उत्तर म्हणून उजनी ते सोलापूर ही सुमारे ११० किलोमीटर लांबीची, रोज १७० दशलक्ष लिटर क्षमतेची समांतर जलवाहिनी आखली गेली. अभियांत्रिकीच्या हिशेबाने हे उत्तर बरोबर आहे. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहराला ते हवेच आहे. पण वाटेत कमी होणाऱ्या ज्या पाण्याला कागदावर ‘वहनव्यय’ म्हणतात त्यातल्या मोठ्या भागावर नदीकाठचे बंधारे भरतात आणि ऊस, केळी, जनावरे जगतात. नदीतले आवर्तन बंद झाले तर त्या गावांचे काय, हा प्रश्न जलवाहिनीच्या आराखड्यात येत नाही, कारण आराखडा शहरापुरता असतो.

२०२१ चा वाद याहून बोलका आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये उजनीतून पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यासाठी पाच टीएमसी पाणी उचलण्याचा आदेश निघाला. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नदीतून उजनीत येते, तेवढेच पाणी परत उचलायचे आहे, असा युक्तिवाद त्यामागे होता. सोलापूरकरांचे म्हणणे होते की उजनीच्या पाण्याचे वाटप आधीच झालेले आहे. शहरे वापरतात ते पाणीही याच खोऱ्यातल्या धरणांचे आहे, त्यामुळे ते वेगळे, जादा पाणी म्हणून दाखवता येत नाही. येणारे सांडपाणी कोणत्या ठिकाणी, कोणत्या यंत्राने, किती दिवस मोजले, हा आंदोलकांचा साधा प्रश्न होता. जिल्ह्यात सर्वपक्षीय विरोध उभा राहिला आणि मे महिन्यात आदेश मागे घेतला गेला. पुढच्या वर्षी उजनीतूनच इंदापूर-बारामतीकडे पाणी नेणाऱ्या लाकडी-निंबोडी उपसा सिंचन योजनेला मंजुरी मिळाली तेव्हा तोच वाद पुन्हा पेटला. दरम्यान त्या सांडपाण्याची गुणवत्ता, म्हणजे उजनीच्या पाण्यावर येणारा हिरवा तवंग आणि ते पाणी पिणाऱ्या गावांचे आरोग्य, हा विषय वाटपाच्या गदारोळात मागे पडला. लेखकाच्या दृष्टीने यातले सर्वांत मोठे नुकसान तेच आहे.

उसाचा प्रश्न जुना आहे. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने १९९९ च्या अहवालात पाण्याची तूट असलेल्या उपखोऱ्यांत उसासारखी जास्त पाणी पिणारी पिके नकोत अशी भूमिका घेतली. राज्य मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये उसाला ठिबक सिंचन टप्प्याटप्प्याने बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतरही जिल्ह्यात ऊस आणि कारखाने टिकून आहेत, कारण हमखास भाव आणि हमखास खरेदी असलेले दुसरे पीक शेतकऱ्याच्या हातात नाही. पाण्याचा हिशेब मांडणाऱ्या अहवालाने भावाचा हिशेब मांडला नाही तर तो फाइलीत राहतो.

कृत्रिम पाऊस. सोलापूर पर्जन्यछायेत येते, म्हणून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने आपल्या मेघबीजन प्रयोगाचा महत्त्वाचा टप्पा इथे घेतला. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत विमानातून ढगांच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडच्या कांड्या जाळल्या गेल्या. कोणत्या ढगात बीजन करायचे आणि कोणता ढग तसाच सोडायचा, हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले होते. ही प्रयोगाची खरी ताकद. ज्या ढगातून पाऊस पडला तो बीजनामुळे पडला की नाहीतरी पडणारच होता, हे अशा तुलनेशिवाय सांगता येत नाही. २७६ ढगांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले : बीजन केलेल्या ठिकाणाच्या वाऱ्याच्या दिशेला सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी अधिक पडला.

‘१८ टक्के’ हा आकडा बातम्यांतून फिरला. त्याच अभ्यासात मिळालेले एकूण जादा पाणी ८६.७ कोटी लिटर होते, म्हणजे एका टीएमसीच्या जेमतेम तीन टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला सांगतो की तंत्र योग्य ढगांवर चालते. दुसरा सांगतो की त्याच्या भरवशावर धरण भरण्याचे स्वप्न दाखवू नये. ढगच नसतील तर बीजन कशात करणार, हे शास्त्रज्ञ सुरुवातीपासून सांगत आले आहेत. राज्य शासनाने मात्र २००३, २०१५ आणि २०१९ मध्ये दुष्काळाच्या तोंडावर मेघबीजनाचे कार्यक्रम हाती घेतले. लोक आभाळाकडे डोळे लावून बसले असताना सरकारने काहीतरी करून दाखवावे ही अपेक्षा समजण्यासारखी आहे. पण घाईने घेतलेल्या कार्यक्रमांतून ‘उपयोग झाला का’ याचे उत्तर मिळत नाही. सोलापूरच्या संथ, शिस्तीच्या प्रयोगातून ते मिळाले.

चिमणी. होटगी रस्त्यावरील विमानतळाजवळ असलेल्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी वर्षानुवर्षे जिल्ह्याच्या राजकारणाच्या मध्यभागी होती. धावपट्टीच्या टोकापासून तिरक्या रेषेत वर जाणारा एक मार्ग विमानासाठी मोकळा लागतो आणि चिमणी त्यात येते, असा विमान वाहतूक यंत्रणेचा निष्कर्ष होता. शहरात ‘चिमणी हटाव’चे आंदोलन झाले. हजारो ऊस उत्पादक सभासदांनी उलट बाजूने मोर्चे काढले. चिमणी पडली तर गाळप बंद पडेल आणि उभा ऊस फडातच वाळेल, ही त्यांची भीती होती. सोलापूरजवळच्या बोरामणीला मोठे विमानतळ आधीच ठरलेले असताना होटगी रस्त्याचाच हट्ट का, असेही विचारले गेले. प्रकरण न्यायालयांतून गेले आणि १५ जून २०२३ रोजी नियंत्रित स्फोटाने चिमणी पाडण्यात आली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि जून २०२५ मध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाली.

या वादात उंची आणि कोन निर्विवादपणे मोजता येत होते. उद्योग, विमानसेवा आणि तरुणांच्या नोकऱ्या एका पारड्यात, उसाचे गाळप दुसऱ्या पारड्यात. यांतले वजनदार कोणते हे कोणत्याही सर्वेक्षणाने ठरणार नव्हते. तरी दोन्ही बाजूंनी तांत्रिक अहवालच फडकावले गेले.

इतर उदाहरणे. १९७९ मध्ये जाहीर झालेले माळढोक अभयारण्य सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, शेते, बाजारपेठाही आल्या. जमिनीचे व्यवहार अडले, लोक पक्ष्यावरच रुसले. पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले, तोवर नान्नजच्या गवताळ माळावर माळढोक दिसणे दुर्मिळ झाले होते. बोरामणी विमानतळाच्या जागेतील वनजमिनीच्या प्रश्नातही माळढोक आला.

केगाव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून काम करते. तेल्या रोग जिवाणूजन्य आहे, म्हणून बुरशीनाशकाच्या फवारण्या वाढवून तो जात नाही, हे बागायतदारांपर्यंत पोहोचवणे हे त्याचे मोठे काम.

शाळेच्या धोरणावर परिणाम करणारे उदाहरण माढा तालुक्यातील परितेवाडीचे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. नंतर राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते आले आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. वर्गातून निघून मंत्रालयात गेलेले तंत्रज्ञान म्हणून हे वेगळे आहे; एरवी प्रवास उलटा असतो.

माहिती कोणाच्या हाती. केंद्राच्या २०१६ च्या वीजदर धोरणानुसार सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक प्रकल्पांनी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरणे अपेक्षित आहे. फताटेवाडीचा १,३२० मेगावॉटचा एनटीपीसी औष्णिक वीज प्रकल्प सोलापूर शहरापासून या अंतराच्या बराच आत आहे. प्रकल्प किती पाणी घेतो, त्यातले प्रक्रिया केलेले किती आणि धरणाचे किती, हे महिन्याला एका फलकावर लावता येण्यासारखे आहे.

पर्यावरणीय परिणामांच्या २००६ च्या अधिसूचनेने मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत देणे आवश्यक केले. सारांश मराठीत मिळतो. पाण्याच्या नोंदी, हवेचे नमुने कुठे आणि कोणत्या ऋतूत घेतले हे ज्यात असते तो मूळ अहवाल इंग्रजीत राहतो. सुनावणीला आलेला शेतकरी विहिरीची पातळी, राखेचा थर, वाऱ्याची दिशा तारखेनिशी सांगू शकतो. ते इतिवृत्तात ‘ग्रामस्थांनी चिंता व्यक्त केली’ एवढ्यावर न आटोपता निरीक्षण म्हणून नोंदले जावे, आणि मूळ अहवाल सुनावणीच्या आधी मराठीत ग्रामपंचायतीत ठेवला जावा.