पीएचपीतला <?= खरंच धोक्याचा आहे का?

पीएचपी या वेब प्रोग्रामिंग भाषेत कोड सुरू करायचा पूर्ण टॅग <?php असा असतो. <? हे त्याचं छोटं रूप, तर <?= पुढची व्हॅल्यू थेट पेजवर छापतो; या दोघांनाही शॉर्ट टॅग म्हणतात. ‘शॉर्ट टॅग वापरू नका, सर्व्हर बदलला की कोड बंद पडतो’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो अर्धाच खरा आहे, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

नुसता <? आजही बेभरवशाचा आहे. तो चालणार की नाही, हे सर्व्हरवरचं ‘शॉर्ट ओपन टॅग’ सेटिंग ठरवतं. ते बंद असलं तर एररसुद्धा येत नाही. कोड साधा मजकूर समजून जसाच्या तसा ब्राउझरकडे जातो. कॉन्फिग फाइल तशी लिहिली असेल तर पेजचा सोर्स उघडणाऱ्याला डेटाबेसचा पासवर्डही दिसेल! शिवाय एक्सएमएल या डेटा फॉरमॅटची पहिली ओळही <? नेच सुरू होते, म्हणजे सेटिंग चालू असलं तर पीएचपी तिलाही कोड समजतं, तिथेही डोकेदुखी.

<?= चं तसं नाही. 2012 मध्ये आलेल्या पीएचपी 5.4 पासून तो कुठल्याही सेटिंगवर अवलंबून नाही, कायम चालतो. पीएसआर-1 हे कोडिंग मानकही पूर्ण टॅगसोबत त्याला परवानगी देतं. तेव्हा टेम्प्लेटमध्ये प्रत्येक व्हेरिएबलसाठी पूर्ण टॅग आणि पुढे ‘एको’ ही छापायची आज्ञा लिहीत बसणं म्हणजे उगाच हमाली. आउटपुट एस्केप (म्हणजे त्यातली < सारखी चिन्हं ब्राउझरने कोड समजू नयेत अशी बदलणं) मात्र तुम्हालाच करावं लागतं, ते <?= करत नाही.