परिषदेसाठी नदीकाठचं शहर: एका निवडीची पार्श्वभूमी

व्यावसायिक परिषदेसाठी यजमान शहर ठरवायला बसलं की आधी विमानतळ, मग हॉटेलांतल्या खोल्या, मग सभागृहात किती माणसं मावतात हे पाहिलं जातं. नदीचा विषय निघतो तो संध्याकाळच्या नौकाविहारापुरता. पण यातली बरीच शहरं या यादीत मुळात आली कशी, याचा माग काढत गेलं की शेवटी पाय नदीकाठीच थांबतात.

रेल्वे येण्याआधी जड माल दूरवर न्यायचा तर पाण्याची वाट सर्वांत स्वस्त होती, हे तर झालंच. मला त्याहून मोलाची वाटते ती नदीची दुसरी सवय: ती माणसाला थांबवते. कुठे पात्र बदलतं आणि होडी बदलावी लागते, कुठे उतार, म्हणजे पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा, सापडेपर्यंत काठाकाठानं जावं लागतं. ऱ्हाइनवरचं कोलोन हे असंच होडी बदलण्याचं ठिकाण. खालच्या पात्रातली मोठी गलबतं तिथून वर जाऊ शकत नसत, माल उतरवावाच लागे. 1259 मध्ये तिथल्या आर्चबिशपनं या अडचणीला कायद्याचं रूप दिलं. येणाऱ्या व्यापाऱ्यानं माल उतरवून तीन दिवस शहरात विक्रीला ठेवायचा, मगच पुढे निघायचं. सक्तीचा मुक्काम आला की निवारा, वखारी, दुभाषे, दलाल, सराफ सगळंच उभं राहतं. माल उतरवायला लावण्याचा शहराचा हा हक्क 1831 पर्यंत टिकला.

फ्रँकफुर्टच्या तर नावातच उतार आहे; ‘फ्रँक लोकांचा उतार’ असा त्याचा अर्थ. माइन नदी इथे पायी ओलांडता येत असे. 11 जुलै 1240 रोजी सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकनं इथल्या जत्रेला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला आपल्या संरक्षणाची हमी दिली. परक्या माणसाला सुखरूप येता-जाता आलं पाहिजे, ही यजमानाची पहिली जबाबदारी त्या सनदेत स्पष्ट लिहिलेली दिसते. 1330 मध्ये वसंतातल्या दुसऱ्या जत्रेलाही परवानगी मिळाली आणि व्यापाऱ्यांच्या वर्षाच्या आखणीत या गावाच्या तारखा पक्क्या बसल्या. शेजारच्या माइंझमध्ये छापखाना सुरू झाल्यावर पुस्तकंही याच जत्रेत विकायला येऊ लागली.

रेल्वेनं चित्र पालटलं. आता थांबण्याची सक्ती उरली नाही आणि पाहुण्याला बोलावणं धाडावं लागलं. 1896 च्या फेब्रुवारीत डेट्रॉइटमधल्या मिल्टन कारमायकल या पत्रकारानं एका स्थानिक दैनिकात लिहिलं, की अधिवेशनं आपल्या शहरात आपोआप येतात. ठरवून प्रयत्न केले तर कितीतरी अधिक येतील. त्यातूनच अधिवेशनं मिळवण्यासाठीची पहिली कचेरी उभी राहिली. आज शहरोशहरी चालणाऱ्या अशा कचेऱ्यांची सुरुवात तिथली. योगायोगानं डेट्रॉइटही नदीकाठचंच.

मग नदीकाठी एवढी परिषद केंद्रं का? याचं उत्तर कंटेनरमध्ये आहे. 1956 मध्ये ‘आयडियल एक्स’ हे जहाज कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला गेलं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत मालवाहतूक खोल पाण्याच्या, मोठ्या बंदरांकडे सरकली. शहराच्या मधोमध असलेल्या जुन्या गोद्या, धक्के ओस पडले. हजारो हातांचं काम गेलं, हेही इथे सांगायलाच हवं; काठावरच्या चकचकीत काचेच्या इमारती त्या रिकाम्या जागेवर उभ्या आहेत. ग्लासगोत क्लाइड नदीवरची क्वीन्स डॉक ही गोदी बुजवून तिथे 1985 मध्ये प्रदर्शन केंद्र सुरू झालं. शेजारी माल चढवणारी जुनी अजस्र क्रेन मुद्दाम राखली आहे. 2021 ची जागतिक हवामान परिषद याच आवारात भरली. स्पेनमधल्या बिल्बाओत बंद पडलेल्या एउस्काल्दुना जहाजबांधणी कारखान्याच्या जागी 1999 मध्ये त्याच नावाचा परिषद महाल उभा राहिला. त्याचा आकारही बांधून होत आलेल्या जहाजासारखा. लिस्बननं 1998 च्या जागतिक प्रदर्शनासाठी टेगस नदीकाठची जुनी औद्योगिक जमीन साफ केली. वेब समिट ही तंत्रज्ञान परिषद 2016 मध्ये डब्लिनहून लिस्बनला गेली, तेव्हा ती भरली याच भागात.

निवड समितीसाठी या इतिहासातून एक व्यवहारी गोष्ट निघते. गोदीची जमीन सपाट, सलग आणि शहराच्या पोटात असते. त्यामुळे सभागृह, हॉटेल, जुनी बाजारपेठ यांत चालत जाण्याइतकंच अंतर राहतं. अशा जागा शहराबाहेरच्या माळावर बांधून मिळत नाहीत, म्हणून मी नदीकाठाच्या बाजूनं मत देईन.

मात्र तारीख ठरवताना नदीचा स्वभाव विचारात घ्यावाच लागतो. ब्रिस्बेनचा साउथ बँक भाग 1988 च्या प्रदर्शनातून घडला, 1995 मध्ये तिथे परिषद केंद्र आलं, 2014 मध्ये जी-20 ची बैठक झाली. मधल्या 2011 च्या जानेवारीत मात्र त्याच काठावर पुराचं पाणी होतं. आणि कोलोनला आजही ऱ्हाइनची पातळी 8.30 मीटरवर गेली, की नदीतली जहाजं जागच्या जागी थांबवली जातात.