कितवा आणि किती: आयर्न मेडनच्या सतरा अल्बमांचा हिशोब

दहावीचा निकाल लागला की शेजारपाजारचे दोन प्रश्न ठरलेले असायचे. ‘किती पडले?’ आणि ‘वर्गात कितवा?’ पहिल्याचं उत्तर आई हौसेनं द्यायची, दुसऱ्याच्या वेळी मी मोरीत हात धुवायला जायचो. 82 टक्के ऐकून समोरच्या काकू खूश व्हायच्या, आणि त्याच 82 टक्क्यांना तुकडीत एकविसावा नंबर आहे म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. मुलगा तोच, पेपर तेच. फक्त प्रश्न बदलला.

मार्क आणि नंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हा चाळीतल्या प्रत्येकाला कळत होतं. पण आवडत्या बँडचे अल्बम उत्तम ते टुकार असे लावायला बसलं, की भलेभले ते विसरतात. आम्हीही विसरलो होतो.

आम्ही म्हणजे तिघं. कॉलेजपासून एकमेकांना स्टेशनच्या नावानं हाक मारतो: डोंबिवली, बोरिवली आणि मी, दादर. बँड अर्थातच आयर्न मेडन. 1975 साली स्टीव्ह हॅरिसनं लंडनमध्ये उभा केलेला हेवी मेटल बँड. 1980 चा पहिला अल्बम धरून 2021 च्या ‘सेनजुत्सू’पर्यंत स्टुडिओ अल्बम सतरा. लाइव्ह आणि निवडक गाण्यांची संकलनं आम्ही धरत नाही. त्यावरून भांडायचं तर वेगळा रविवार लागेल.

परवा माहीमच्या एका इराण्याकडे बसलो होतो. बोरिवलीनं घरूनच वहीचं पान फाडून सतरा चिठ्ठ्या आणल्या होत्या. संगमरवरी टेबलावर त्या वरपासून खालपर्यंत लावायच्या, फोटो काढायचा, मग पुढच्यानं लावायच्या. ‘पॉवरस्लेव्ह’च्या चिठ्ठीवर मस्क्याचा डाग पडला होता, त्यामुळे ती ओळखायला वाचावी लागत नव्हती. शेवटी तिघांच्या याद्यांची सरासरी काढायची आणि ‘आपला’ पहिला नंबर जाहीर करायचा, असा बेत.

सतराचं सांगत बसत नाही, चार अल्बम पुरेत. माझ्या यादीत ‘पॉवरस्लेव्ह’ पहिला, ‘सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन’ दुसरा, ‘पीस ऑफ माइंड’ तिसरा आणि ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ आठवा. डोंबिवलीचा ‘सेव्हन्थ सन’ पहिला, ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ दुसरा, ‘पीस ऑफ माइंड’ तिसरा, आणि ‘पॉवरस्लेव्ह’ थेट नववा. बोरिवलीचा ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ पहिला, ‘पॉवरस्लेव्ह’ दुसरा, ‘पीस ऑफ माइंड’ तिसरा, ‘सेव्हन्थ सन’ दहावा. त्याला त्यातला सिंथेसायझर सहन होत नाही. गेली वीस वर्षं होत नाही, आता काय होणार.

नंबरांच्या बेरजा केल्या. जितकी कमी तितकं वर. ‘सेव्हन्थ सन’ 13, ‘पॉवरस्लेव्ह’ 12, ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ 11. आणि ‘पीस ऑफ माइंड’ 9. म्हणजे आमच्या तिघांचा सर्वांत आवडता अल्बम कोणता, तर ज्याला तिघांपैकी कोणीच पहिला काय, दुसराही नंबर दिला नाही तो. तिघांनीही त्याला तिसराच ठेवला होता.

बरं, समोरासमोर लावून बघा. ‘पीस ऑफ माइंड’ की ‘पॉवरस्लेव्ह’? मी आणि बोरिवली ‘पॉवरस्लेव्ह’ म्हणतो. दोन विरुद्ध एक. ‘पीस ऑफ माइंड’ की ‘सेव्हन्थ सन’? मी आणि डोंबिवली ‘सेव्हन्थ सन’. ‘पीस ऑफ माइंड’ की ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’? डोंबिवली आणि बोरिवली दुसऱ्या बाजूला. तिन्ही सामने हरलेला संघ करंडक घेऊन घरी गेला.

‘मग याला उडव, उरलेल्या तिघांत बघू,’ डोंबिवली म्हणाला. ते आणखी वाईट. ‘पॉवरस्लेव्ह’ ‘सेव्हन्थ सन’ला हरवतो, दोन-एक. ‘सेव्हन्थ सन’ ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ला हरवतो, दोन-एक. आणि ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ ‘पॉवरस्लेव्ह’ला हरवतो, पुन्हा दोन-एक. गोल गोल राणी. आमच्यातला एकही जण गोंधळलेला नाही, प्रत्येकाची यादी सरळ वरून खाली जाते. तिघांना एकत्र बांधलं की मात्र फुगडी सुरू.

ही आमचीच गंमत आहे असं वाटत होतं, पण ती अडीचशे वर्षांची निघाली. नंबरांवरून गुण मोजून बेरीज करायची रीत जाँ-शार्ल द बोर्दा या फ्रेंच नौदल अधिकाऱ्यानं 1770 साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली होती. 1785 मध्ये फ्रेंच गणितज्ञ काँदोर्सेनं दाखवून दिलं की समोरासमोरच्या सामन्यांत अशी गोल फुगडी होऊ शकते. आणि 1951 साली अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी सिद्ध केलं की पर्याय तीन किंवा जास्त असतील, तर अनेकांच्या क्रमवाऱ्यांतून सगळ्यांची मिळून एक क्रमवारी काढण्याची अशी एकही रीत नाही, जी न्याय्यपणाच्या काही साध्या अटी सगळ्याच्या सगळ्या पाळेल. त्यांना पुढे 1972 मध्ये नोबेल मिळालं. ॲरोंचा सगळा युक्तिवाद नंबरांवर उभा आहे, मार्कांवर नाही. कोण वर, कोण खाली एवढंच त्यात येतं. किती वर, ते येत नाही. आमच्या टेबलावरही नेमकं तेच हरवलं होतं.

म्हणून बिलाच्या पाठीमागे मी नवा तक्ता आखला. आता शंभरपैकी मार्क द्या.

मी: ‘पॉवरस्लेव्ह’ 95, ‘सेव्हन्थ सन’ 93, ‘पीस ऑफ माइंड’ 90, ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ 81. डोंबिवली: ‘सेव्हन्थ सन’ 92, ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ 91, ‘पीस ऑफ माइंड’ 90 आणि नवव्या नंबरच्या ‘पॉवरस्लेव्ह’ला 84. बोरिवली: ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ 80, ‘पॉवरस्लेव्ह’ 78, ‘पीस ऑफ माइंड’ 70, ‘सेव्हन्थ सन’ 50.

डोंबिवलीचा नववा नंबर ऐकून मी तासभर त्याच्याशी भांडलो होतो. ‘तेरा मिनिटांचं ते समुद्रावरचं गाणं ज्या अल्बममध्ये आहे, त्याला नववा?’ वगैरे. आणि त्याच्या डोक्यात पहिल्या आणि नवव्यात अंतर होतं फक्त आठ मार्कांचं! त्याला ‘पॉवरस्लेव्ह’ आवडतोच, बाकीचे आठ जरा जास्त आवडतात. नंबर बघून मला वाटलं, तो त्याला नापास करतोय. खरा नापास करणारा बोरिवली होता. त्याचा दहावा आणि डोंबिवलीचा नववा शेजारी शेजारी दिसतात, पण एकाचे 84 आणि दुसऱ्याचे 50.

बेरीज केली: ‘पॉवरस्लेव्ह’ 257, ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ 252, ‘पीस ऑफ माइंड’ 250, ‘सेव्हन्थ सन’ 235. ‘पीस ऑफ माइंड’ तिसऱ्या जागी परत. तिघांनीही त्याला तिथेच तर ठेवला होता.

नंबराची गोम ही. एक आणि दोन यांच्यात जेवढं अंतर, तेवढंच सोळा आणि सतरा यांच्यात, असं तो दाखवतो. कानाला तसं कधीच नसतं. माझ्याच यादीत तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत सगळे 90 ते 85 मध्ये दाटीवाटीनं उभे आहेत, सकाळच्या 8:20 च्या फास्ट लोकलमधल्यासारखे. त्यातला चौथा ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ आहे. उद्या मूड बदलला तर तो सहावा होईल, आणि त्याचा काहीही अर्थ नसेल. याउलट पंधराव्याला 61 आहेत आणि सोळाव्याला एकदम 49. तिथे दरी आहे. लोक पहिला की दुसरा यावर गळे काढतात, आणि या दरीकडे कोणाचं लक्षही जात नाही.

दरीच्या खाली आहेत ‘नो प्रेअर फॉर द डाइंग’ आणि ‘व्हर्च्युअल इलेव्हन’. पहिल्याची एक मजा आहे. मेडनचं ब्रिटनमध्ये विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं एकमेव सिंगल, म्हणजे सुटं विकलेलं गाणं, 1991 च्या जानेवारीतलं, याच अल्बममधलं. मेडनच्या चाहत्यांना विचाराल तर हा अल्बम सहसा तळाच्या आसपासच सापडतो. तेव्हा विक्रीच्या यादीतला नंबर हा आणखी तिसराच प्राणी. त्याला इथे आणू नये. ‘व्हर्च्युअल इलेव्हन’मध्ये जवळपास दहा मिनिटांचं एक गाणं आहे, त्यात तीच एक ओळ इतक्यांदा येते की कॅसेट अडकली असं वाटून मी तेव्हा खरंच पेन्सिल घेऊन उठलो होतो.

गायक ब्रूस डिकिन्सन बँड सोडून गेल्यावर ब्लेझ बेलीनं गायलेले अल्बम दोन: 1995 चा ‘द एक्स फॅक्टर’ आणि 1998 चा ‘व्हर्च्युअल इलेव्हन’. बहुतेक याद्यांत ते तळाला हातात हात घालून बसलेले दिसतात. नंबरात ती जोडी शोभते. मार्कांत माझ्याकडे ‘एक्स फॅक्टर’ला 68 आहेत आणि दुसऱ्याला 41. काळोखा, संथ, खिन्न अल्बम आहे तो, पण त्यात दम आहे. त्याचं सुरुवातीचं अकरा मिनिटांचं गाणं बँडनं ब्रूस परत आल्यावरही मंचावर वाजवलं. त्याला गायकावरून शेवटच्या बाकावर बसवणं मला पटत नाही.

नंबर शेजाऱ्यांवर अवलंबून असतो, मार्क नसतो. 2021 साली ‘सेनजुत्सू’ आला, माझ्याकडे 76 घेऊन दहाव्या जागी बसला. त्याबरोबर ‘फिअर ऑफ द डार्क’ अकराव्यावरून बाराव्यावर गेला. 1992 च्या त्या अल्बममधला एक सूरही बदलला नव्हता. त्याचे 72 तसेच राहिले. तुकडीत नवा हुशार मुलगा आला की आपला नंबर घसरतो, तसंच.

म्हणजे मार्क खरे आणि नंबर खोटा? तसंही नाही. मार्कांना एकक नसतं. माझे 95 म्हणजे 95 काय? बोरिवली पेपर तपासायला खडूस आहे, त्याचा पहिल्या नंबरचा लाडका अल्बम 80 वर थांबतो. डोंबिवलीच्या नवव्यापेक्षाही चार मार्क कमी. डोंबिवली सढळ हाताचा, त्याच्याकडे 60 च्या खाली कोणी जातच नाही. मग आमच्या बेरजेत झालं काय? बोरिवलीनं ‘सेव्हन्थ सन’ला दिलेल्या 50 नी जेवढा फरक पाडला, तेवढा डोंबिवलीच्या सगळ्या आवडीनिवडींनी मिळून नाही पाडला. जो मार्क पसरून देतो त्याचं मत जड होतं. लबाडी करायची तर शून्य द्या, काम तमाम. नंबरात लबाडी करता येते, पण सतराव्याच्या खाली ढकलता तर येत नाही.

आणि मार्क देणारा पळवाट काढतो. सगळ्यांना 85 दिले की झालं, कोणाशी वाईटपणा नको. चिठ्ठ्या लावताना ती सोय नसते. एक वर, एक खाली, दोघं एका जागी बसत नाहीत. ‘पॉवरस्लेव्ह’ की ‘सेव्हन्थ सन’, यावर माझा हात टेबलावर बराच वेळ अडकला होता, आणि तेवढ्यात पानी कम चहा गार झाला. मार्क देताना असं काही झालं नाही, पटकन 95 आणि 93 लिहून मोकळा झालो. पण चिठ्ठ्यांनी आधी भाग पाडलं नसतं तर दोघांनाही 94 दिले असते, हे मला माहीत आहे. त्यामुळे आता आमची रीत ठरली आहे: एकट्याची यादी चिठ्ठ्यांनी, तिघांची बेरीज मार्कांनी. आणि नंबरांची सरासरी अजिबात नाही.

यात एक गोष्ट बसतच नाही. 1 फेब्रुवारी 2008 ला मेडन मुंबईत आले होते, त्यांच्या जागतिक दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम. बँडचं बोइंग 757 चालवणाऱ्या वैमानिकांत खुद्द ब्रूस होता. आम्ही कुर्ल्याहून रिक्षात चौघं कोंबून बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुल) मैदानात पोचलो, चौथा कोण होता ते आता तिघांनाही आठवत नाही. गाणी जवळजवळ सगळी 1980 ते 1988 मधली. नंतरचं एकच, ‘फिअर ऑफ द डार्क’. आणि त्याच गाण्यात मैदानानं शब्दच नव्हे, गिटारची धूनही गायली. ज्या अल्बमला मी बारावा नंबर आणि 72 मार्क देतो, त्यातलं गाणं. डोंबिवली तेव्हा माझ्या खांद्यावर हात टाकून रडत होता, हे तो आज नाकबूल करतो. पण आपण अल्बम लावतोय, गाणी नाही, असं बोरिवलीनं बजावल्यामुळे हा मुद्दा तहकूब झाला.

बिल 240 झालं. तक्ता त्याच्याच पाठीमागे, त्यामुळे तो मालकाच्या हातात जायच्या आधी फोटो काढून घेतला. डोंबिवली जाईपर्यंत ‘सेव्हन्थ सनला 50?’ एवढंच म्हणत होता. रात्री साडेअकराला बोरिवलीचा मेसेज आला: ‘परत ऐकला. शेवटची दोन गाणी ठीक आहेत. 58 कर.’ केले. त्याच्या यादीत तो अल्बम दहाव्यावरून नवव्यावर आला. आमच्या बेरजेत 235 चे 243 झाले, आणि नंबर होता तोच राहिला, चौथा.