‘केव्हीपी’मधील ‘पी’ची पार्श्वभूमी

क्ष-किरण यंत्राच्या नियंत्रण फलकावर नळीला दिलेल्या विद्युत दाबासाठी कुठे ‘केव्ही’ (किलोव्होल्ट, म्हणजे हजार व्होल्ट), तर कुठे ‘केव्हीपी’ असे लिहिलेले आढळते. शेवटचा ‘पी’ म्हणजे ‘पीक’, अर्थात विद्युत दाबाचे शिखरमूल्य. तो का आला आणि का वगळला जाऊ लागला, हे जनित्रांचा, म्हणजे नळीला उच्च दाब पुरवणाऱ्या यंत्रणेचा, इतिहास पाहिल्यावरच उमगते.

१८९५ नंतरच्या सुरुवातीच्या काळात नळीत उरलेल्या विरळ वायूवर सारे अवलंबून असे. वापरागणिक तो वायू कमी होई, नळी चालवण्यास अधिक दाब लागे आणि किरण अधिक भेदक होत. त्यामुळे दाबाच्या आकड्याऐवजी नळी ‘मऊ’ की ‘कठीण’ हेच पाहिले जाई. दाब मोजायचाच झाल्यास हवेच्या फटीतून ठिणगी किती अंतर पार करते ते पाहत, आणि ठिणगी लाटेच्या सरासरीला नव्हे, शिखराला उडते. १९१३ मध्ये तप्त तंतूची नळी आल्यावर प्रवाह आणि दाब स्वतंत्रपणे ठरवता येऊ लागले.

पुढे दीर्घकाळ जनित्रे सिंगल फेजची, म्हणजे विजेच्या एकाच लहरीवर चालणारी, होती. त्यांत दाब प्रत्येक अर्ध्या आवर्तनात शून्यापर्यंत उतरतो. हा चढउतार, म्हणजे तंत्रज्ञांचा ‘रिपल’, १०० टक्के असतो. म्हणून ‘८० केव्हीपी’ म्हणताना दाब ८० हजार व्होल्टपर्यंत क्षणभरच पोहोचतो, ही जाणीव त्या ‘पी’त होती. तीन लहरी वापरणाऱ्या थ्री फेजच्या सहा स्पंदी (एका आवर्तनात दाबाची सहा शिखरे देणाऱ्या) जनित्रात रिपल सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे १३ टक्क्यांवर, तर बारा स्पंदी जनित्रात ३ ते ४ टक्क्यांवर आला. १९८० च्या दशकापासून पसरलेल्या उच्च वारंवारतेच्या जनित्रांनी शिखर आणि सरासरी यांतील अंतर जवळजवळ मिटवले.

वादाचा मुद्दा इथेच आहे. एककाच्या चिन्हाला विशेषण जोडू नये, हा मापनशास्त्राचा नियम रास्त आहे आणि त्यानुसार मानकांत ‘नळीचा दाब’ ही राशी व ‘केव्ही’ हे एकक राहिले. मात्र दातांच्या व फिरत्या छोट्या संचांत जुनी रचना टिकून असताना जुन्या आणि नव्या अशा दोन्ही यंत्रांवर ‘७० केव्ही’ लिहिले, तर वाचणाऱ्याला दोन्ही झोत सारखेच वाटतात. प्रत्यक्षात स्थिर दाबाचा झोत अधिक भेदक असतो आणि तितक्याच मिलिअँपिअर-सेकंदांत (नळीतील प्रवाह गुणिले वेळ) अधिक किरणही देतो. जुन्या यंत्रावरचा एक्स्पोजर तक्ता नव्यावर तसाच वापरल्यास रुग्णाला नाहक जास्त डोस मिळतो. ही अडचण ओळखूनच २००२ च्या आंतरराष्ट्रीय मानकात ‘व्यवहार्य शिखर दाब’ ही राशी आली: एखाद्या लहरी दाबाच्या झोतातून जेवढा कॉन्ट्रास्ट मिळतो, तेवढाच देणारा स्थिर दाब. माझ्या मते ‘पी’ला मिळालेले हे सर्वांत प्रामाणिक उत्तर होय, दुर्दैवाने ते गुणवत्ता चाचणीच्या मापकांपुरतेच राहिले आणि फलकावर पोहोचले नाही.

डिजिटल प्रतिमांच्या माहितीत मात्र ‘केव्हीपी’ हेच नाव कायम झाले. आता दोन वेगळ्या ऊर्जांवर मापन करणाऱ्या द्वि-ऊर्जा सीटी स्कॅनमुळे त्याच्या शेजारी ‘केईव्ही’ (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, फोटॉनच्या म्हणजे किरणातील ऊर्जाकणाच्या ऊर्जेचे एकक) येऊन बसला आहे. १२० केव्हीपीच्या झोतातील सर्वाधिक ऊर्जेचा फोटॉन १२० केईव्हीचा असतो, पण सरासरी ऊर्जा साधारण निम्म्याजवळ राहते. त्यामुळे अहवालातील ‘७० केईव्ही’ म्हणजे नळीला ७० हजार व्होल्टचा दाब दिला होता असे नव्हे. ती दोन मापनांवरून गणिताने काढलेली, एकाच ऊर्जेची कल्पित प्रतिमा असते.