शाफ्ट का तुटला?

जळगावच्या एखाद्या डाळ मिलमध्ये ऐन हंगामात शाफ्ट, म्हणजे पुली फिरवणारा पोलादी दांडा, तुटला, की दोन्ही तुकडे वर्कशॉपला जातात. कारागीर तोंडाला तोंड जुळवून बघतो, ग्राइंडर फिरवतो, वेल्डिंग मारतो. "लोखंडच हलकं होतं," असा निकालही लगेच लागतो. ग्राइंडर फिरला की शाफ्ट का तुटला हे सांगणारा पुरावा मात्र कायमचा जातो, कारण धातूशास्त्राच्या प्रयोगशाळेत तपासाची सुरुवात होते ती त्याच तुटलेल्या तोंडापासून.

आधी नुसते डोळे आणि भिंग. फिरणारा शाफ्ट थकव्याने, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने, तुटला असेल, तर तोंडाचा एक भाग गुळगुळीत असतो आणि त्यावर वक्र रेषा दिसतात, तापीचा पूर टप्प्याटप्प्याने ओसरताना काठावर उमटाव्यात तशा. या रेषा जिथून पसरत गेल्या, तिथे पहिली चीर पडलेली असते. बऱ्याचदा ती जागा म्हणजे पुलीच्या चावीसाठी, म्हणजे पुली शाफ्टवर घट्ट धरणाऱ्या पट्टीसाठी, पाडलेल्या खाचेचा धारदार कोपरा. उरलेला खडबडीत भाग शेवटच्या क्षणी तुटलेला. तो लहान असेल, तर शाफ्टवर भार फार नव्हता.

मग कमी भाराने पोलाद कसे तुटते? पुलीवरचा पट्टा शाफ्टला सतत एकाच बाजूला ओढतो. त्यामुळे पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू दर फेरीत एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो. मिनिटाला 1,440 फेऱ्या धरल्या, तर चोवीस तासांत हे 20 लाखांहून जास्त वेळा घडते. 1842 मध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला, तेव्हा हादऱ्यांनी लोखंडाची आतली घडणच बदलते असा समज होता. पुढे ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने आसांवर वर्षानुवर्षे चाचण्या घेतल्या आणि दाखवून दिले, की एका झटक्यात जो भार सहज पेलतो, तोच पुन्हा पुन्हा आला तर धातू तुटतो.

फोटो काढून झाल्यावरच नमुना कापतात. स्पेक्ट्रोमीटरवर रासायनिक घटक कळतात, कठीणपणा मोजतात, आणि आरशासारख्या घासलेल्या पृष्ठभागावर अल्कोहोलमध्ये थोडे नायट्रिक आम्ल मिसळून लावले की सूक्ष्मदर्शकाखाली पोलादाचे कण उलगडतात. जुनी वेल्डिंगही इथेच पकडली जाते. शाफ्टसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ईएन-8 पोलादात सुमारे 0.4 टक्के कार्बन असतो. ते आधी न तापवता वेल्ड केले, तर जोडाशेजारचा भाग झपाट्याने थंड होऊन कडक आणि ठिसूळ बनतो. म्हणूनच दुरुस्त केलेला शाफ्ट पुष्कळदा जोडाला लागूनच तुटतो, आणि दोष पुन्हा मालावर जातो. मला हे फार खटकते.

तुकडे प्रयोगशाळेत द्यायचे असतील, तर तोंडे एकमेकांवर घासू नका, तारेच्या ब्रशने साफ करू नका, कोरड्या कापडात वेगवेगळी गुंडाळा. पुली कोणत्या बाजूला होती, पट्टा कधी ताणला, आधी वेल्डिंग झाली होती का, हेही लिहून द्या. नवा शाफ्ट करताना टर्नरला खाचेच्या तळाचा कोपरा गोलसर ठेवायला सांगा. कोपरा तसाच धारदार राहिला, तर महागडे पोलाद आणूनही चीर पुन्हा तिथूनच सुरू होईल.