पुरवठा साखळीतील न्याय्य श्रममानके

कंपनीच्या मालासाठी राबणाऱ्या, पण तिच्या हजेरीपटावर नसलेल्या कामगारांना योग्य मजुरी, ठरावीक तास, सुरक्षित जागा आणि संघटना करण्याची मोकळीक मिळावी म्हणून कंपनी पुरवठादारांवर ज्या अटी घालते आणि त्या पाळल्या जातात की नाही हे ज्या रीतीने पाहते, त्या सर्व व्यवस्थेला ही संज्ञा वापरतात. या अटींचा पाया आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1998 च्या जाहीरनाम्यात आहे. संघटना व सामुदायिक वाटाघाटींचे स्वातंत्र्य, वेठबिगारीचे व बालमजुरीचे उच्चाटन आणि रोजगारात भेदभाव नसणे या चार तत्त्वांत 2022 मध्ये सुरक्षित व आरोग्यदायी कामाच्या जागेची भर पडली. भारताने बालमजुरीविषयीचे दोन करार 2017 मध्ये स्वीकारले. संघटना-स्वातंत्र्य व सामुदायिक वाटाघाटींचे, क्रमांक 87 व 98 चे करार मात्र स्वीकारलेले नाहीत.

24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळची राना प्लाझा ही परदेशी ब्रँडसाठी कपडे शिवणाऱ्या कारखान्यांची इमारत कोसळून 1,100 हून अधिक माणसे दगावली. आदल्या दिवशी तडे दिसलेले असूनही कामगारांना आत पाठवले गेले होते, आणि तिथल्या काही कारखान्यांचे सामाजिक ऑडिटही (कामगारांच्या स्थितीची तपासणी) आधी झालेले होते.

पुण्यात हा विषय भोसरी, चाकण आणि रांजणगाव येथील औद्योगिक वसाहतींत जवळून दिसतो. मोटार जोडणारी कंपनी, तिला थेट माल देणारा मोठा व्हेंडर, त्याच्याकडून जॉबवर्क घेणारी दहा-पंधरा कामगारांची शेड आणि शेडला माणसे पुरवणारा ठेकेदार अशी ही उतरंड असते. वरच्या पायऱ्यांवर कँटीन, ईएसआय (आजारपणाचा विमा), पीएफ असते. खाली उतरावे तसे यातले एकेक गळत जाते. अशा शेडमधल्या पॉवर प्रेसला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्राला, दोन बटणे असतात आणि दोन्ही हातांनी ती एकदम दाबल्याशिवाय ठोका पडू नये अशी रचना असते, कारण हात बटणांवर असले की बोटे डायखाली (साच्याखाली) जाऊच शकत नाहीत. तासाचा नगांचा आकडा गाठायचा म्हणून एक बटण बांधून ठेवले की एक हात पत्रा सरकवायला मोकळा होतो, आणि बोटे जातात ती तिथेच. ऑडिटच्या दिवशी ते बटण सोडलेले असते. म्हणून तपासणी न कळवता, रात्रपाळीत आणि ठेकेदार समोर नसताना झाली, तरच तिला अर्थ आहे.

तरीही दोष एकट्या शेडमालकाला देणे अन्यायाचे ठरेल. दर वर्षाला खाली आणायचा, ऑर्डर ऐन वेळी वाढवायची आणि पैसे तीन-चार महिने अडकवायचे, अशी खरेदीची रीत असेल तर दुप्पट दराचा ओव्हरटाइम कोठून निघणार? सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करण्याचे बंधन 2006 च्या कायद्याने घातले आहे, आणि श्रममानकांच्या दृष्टीने त्याचे मोल कंपनीच्या आचारसंहितेतील कोणत्याही कलमाहून कमी नाही. ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती मूळ मालकाने द्यावी, हे तत्त्वही 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलेले आहे.

साखरेची साखळी याहून गुंतागुंतीची आहे. राज्याचे साखर आयुक्तालय शिवाजीनगरच्या साखर संकुलात आहे, आणि पुणे जिल्ह्यातील ऊस मोठ्या प्रमाणावर बीडसारख्या भागांतून येणारे तोडकरी तोडतात. हंगामासाठी निघण्याआधी नवरा-बायकोची जोडी मुकादमाकडून, म्हणजे तोडकरी जमवणाऱ्या मध्यस्थाकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेते. मुकादमाच्या वहीत दोघांची मिळून ‘एक कोयता’ अशी एकच नोंद होते, त्यामुळे बाईची मजुरी वेगळी अशी तिच्या हातात पडतच नाही. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते आणि दुसरे काम धरण्याची मोकळीक संपते. 1976 चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा अशाच कर्जाच्या बांधिलकीविरुद्ध केलेला आहे. तोडणीच्या दरात जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ झाली. उचलीची प्रथा तशीच राहिली. साखर विकत घेणाऱ्या कंपनीच्या लेखी पुरवठादार म्हणजे कारखाना, आणि कारखान्याच्या लेखी तोडकरी हा मुकादमाचा माणूस.

शेअर बाजारातील बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल 2022-23 पासून बंधनकारक आहे. पुरवठादारांविषयीची माहिती मात्र पहिल्या 250 कंपन्यांसाठीही ऐच्छिक असून ती खरेदीत 2 टक्के किंवा अधिक वाटा असलेल्या पुरवठादारांपुरतीच आहे. भोसरीतील जॉबवर्कची शेड किंवा उसाच्या फडातला कोयता या मर्यादेत येत नाही.