कार्डावरचा रिफंड: बँक नेमकी कशाला मंजुरी देते आणि अर्ज का परत येतो

रिफंड आला नाही म्हणून बँकेत दिलेले कितीतरी अर्ज एकाच कारणाने परत येतात: विक्रेत्याने रिफंड काढला याचा पुरावा सोबत नसतो. बँक आपणहून रिफंड देत नाही. तो विक्रेत्याने काढायचा असतो, कार्ड देणाऱ्या बँकेचे काम त्यानंतर सुरू होते.

पूर्वी रिफंडसाठी या बँकेला आधी कोणी विचारत नसे. हिशेबाची नोंद येऊन पडली की मगच तिला कळायचे. आता व्हिसा आणि मास्टरकार्डच्या जाळ्यात खरेदीप्रमाणे रिफंडचीही आधी विचारणा होते. कार्ड क्रमांक खरा आहे का, खाते चालू आहे का, हे पाहून बँक होकार किंवा नकार कळवते. होकार मिळाला की काही बँका ॲपमध्ये ती रक्कम ‘पेंडिंग’ दाखवतात, आणि लोक पैसे आले असे धरून चालतात. पैसे जमा होतात ते विक्रेत्याच्या बँकेकडून सेटलमेंटची, म्हणजे बँकांमधला हिशेब पुरा झाल्याची, नोंद आल्यावर. ‘५ ते ७ कामाचे दिवस’ असे सांगितले असेल तर ते विक्रेत्याने रिफंड काढला त्या दिवसापासून मोजा, वस्तू परत केली त्या दिवसापासून नव्हे.

आता सगळ्यात अडणारा कागद. बँक एआरएन (ॲक्वायरर रेफरन्स नंबर) मागते. हा २३ अंकी क्रमांक असतो आणि त्यावरूनच बँकेला तुमचा रिफंड शोधता येतो. तो असतो विक्रेत्याकडे, पण तिथल्या कर्मचाऱ्यांना बरेचदा तो माहीतच नसतो. ते ऑर्डर नंबर देतात, किंवा १२ अंकी आरआरएन हा व्यवहाराचा दुसराच संदर्भ क्रमांक देतात. ऑर्डर नंबरचा बँकेला काडीचा उपयोग नाही. हिशेब विभागाकडून एआरएनच मागा, आणि लेखी मागा. एका बाजूने ‘बँकेला विचारा’ आणि दुसऱ्या बाजूने ‘दुकानाला विचारा’ ऐकत फेऱ्या मारणारी माणसे पाहिली की चीड येते, कारण हा क्रमांक शोधून देणे हे दुकानाचे काही मिनिटांचे काम असते.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. सेटलमेंट होण्याआधीच व्यवहार रद्द झाला असेल तर तो रिफंड नसतोच. फक्त अडवून ठेवलेली रक्कम मोकळी होते. त्याला एआरएन मिळत नाही आणि स्टेटमेंटवर जमेची वेगळी ओळही येत नाही. मूळ खर्चाची नोंद गायब झाली का, तेवढे पाहा.

कार्ड हरवून नवे आले असेल तर घाबरू नका. खाते तेच असेल तर जुन्या क्रमांकावरचा रिफंड सहसा तिथेच वळतो. खातेच बंद केले असेल तर बँक नकार देऊ शकते. मग विक्रेत्याला दुसऱ्या मार्गाने पैसे द्यावे लागतात. त्या नकाराची नोंद त्याच्याकडून मागून घ्या. परकी चलनातल्या खरेदीत रिफंडच्या वेळचा दर लागतो, त्यामुळे रक्कम थोडी कमी-जास्त येते.

विक्रेता दाद देत नसेल तर बँकेत डिस्प्यूट अर्ज, म्हणजे त्या व्यवहाराबद्दलची तक्रार, करा. खरेदीची पावती, वस्तू परत केल्याचा किंवा सेवा रद्द केल्याचा पुरावा, आणि रिफंड मान्य असल्याचे विक्रेत्याचे लेखी उत्तर जोडा. हे उत्तर जवळजवळ कोणाकडेच नसते, कारण बोलणे फोनवर झालेले असते. फोन ठेवल्या ठेवल्या ‘आपण अमुक तारखेला रिफंड मान्य केलात’ असा ईमेल पाठवा. ‘रिफंड इनिशिएटेड’चा तारीख नसलेला स्क्रीनशॉट पुरत नाही. मुदत साधारणपणे १२० दिवसांची असते, पण कोणत्या तारखेपासून मोजायची हे तक्रारीच्या प्रकारावर ठरते, आणि तुमच्या बँकेची स्वतःची मुदत त्याहून कमी असू शकते. विक्रेत्याच्या ‘पुढच्या आठवड्यात बघू’वर ती संपू देऊ नका.

रिफंडसाठी ओटीपी, पिन किंवा सीव्हीव्ही कधीच लागत नाही. मागणारा माणूस पैसे काढायला बसला आहे, फोन ठेवा.

क्रेडिट कार्ड असेल तर रिफंडच्या भरवशावर बिल थांबवू नका. तो वेळेत जमा होईलच असे नाही, म्हणून किमान रक्कम देय तारखेआधी भराच.